लॅरी होम्स म्हणे आयत्या बिळावरचा नागोबा!

गेले काही दिवस आमच्या परळच्या बॉक्सिंगवाल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. 'हेवीवेटचे (म्हणजे बॉक्सिंगमधल्या सगळ्यात जड गटाचे) सगळ्यात ओव्हररेटेड चॅम्पियन' अशी यादी, आणि एक नंबरला कोण, तर १९७८ ते १९८५ चॅम्पियन असलेला लॅरी होम्स. लिहिलंय ते थोडक्यात असं: अली संपला, गादी रिकामी झाली, हा आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला, सात वर्षं ऐऱ्यागैऱ्यांना मारून रेकॉर्ड फुगवलं, आजारी अलीला बदडलं, खरा बॉक्सर समोर आला तेव्हा टायसनने चार राउंडमध्ये झोपवलं, जुना चॅम्पियन मार्सियानो याच्या ४९-० पर्यंत, म्हणजे ४९ जिंकून एकही न हरण्यापर्यंत, पोचता आलं नाही, आणि वर फाइट्स इतक्या बोअर की बघवत नाहीत. खाली अंगठ्यांचा आणि हसणाऱ्या इमोजींचा पाऊस, त्यात अशी पण मंडळी की ज्यांनी आयुष्यात एक फाइट पूर्ण बघितलेली नाही.

मी दोन ओळी टाकल्या तर 'भाई तू लॅरीचा फॅन आहेस म्हणून बोलतोयस' एवढंच उत्तर आलं. आहे फॅन. पण मुद्द्यांचं काय?

आधी ते आयत्या बिळाचंच घेऊ. फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवलं आणि मग केन नॉर्टनशी लढायचं सोडून अलीशीच परत फाइट ठरवली, म्हणून डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने त्याचा बेल्ट काढून नॉर्टनला दिला. रिंगमध्ये न उतरता. म्हणजे आयतं कुणाला मिळालं असेल तर ते नॉर्टनला, होम्सने तो बेल्ट ९ जून १९७८ ला लास वेगसच्या सीझर्स पॅलेसमध्ये १५ राउंड लढून घेतला, आणि समोर कोण, तर १९७३ मध्ये ज्याने अलीचा जबडा मोडला तो माणूस. होम्सचा डावा हात ट्रेनिंगमध्ये दुखावलेला होता, आणि डावा हात म्हणजे त्याचं सगळं भांडवल. दोन जजनी १४३-१४२ होम्सला दिली, तिसऱ्याने तेवढ्याच फरकाने नॉर्टनला. सगळं शेवटच्या राउंडवर आलेलं. तो १५ वा राउंड यूट्यूबवर आहे, बघा एकदा, दोघांच्या पायात जीव नाही, गार्ड पार खाली आलेत आणि तरी दोघंही मधोमध उभे राहून मारतायत, कोणी मिठी मारून वेळ काढत नाही. याला आयतं म्हणत असाल तर मग कष्ट कशाला म्हणायचं?

आता ऐरेगैरे. फॉरवर्डवाल्याने लोरेन्झो झानोन, स्कॉट फ्रँक, मार्व्हिस फ्रेझर अशी नावं वेचून काढलीत. मान्य, ही पोरं त्या लेव्हलची नव्हती, मार्व्हिस तर जुना चॅम्पियन जो फ्रेझर याचा मुलगा म्हणून पुढे आलेला, पहिल्याच राउंडमध्ये संपला. पण २० डिफेन्स केलेत माणसाने, म्हणजे २० वेळा टायटल राखलंय. लागोपाठ डिफेन्समध्ये हेवीवेटला जो लुईसच्या २५ नंतर याचाच नंबर लागतो, आणि त्यातले पहिले आठ सगळे वेळेआधी संपवलेत. २० मध्ये चार-पाच सोपे निघणारच, लुईसचेही होतेच की.

उरलेल्यांचं काय झालं ते बघा. माइक वीव्हर १९७९ मध्ये होम्सकडून हरला तेव्हा लोक म्हणाले हा कोण, पुढच्याच वर्षी तो डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचा चॅम्पियन झाला. टिम विदरस्पून १९८३ मध्ये हरला, नंतर दोन वेगवेगळे बेल्ट जिंकला. ट्रेव्हर बर्बिक १९८१ मध्ये हरला, १९८६ मध्ये चॅम्पियन. बोनक्रशर स्मिथ १९८४ मध्ये हरला, १९८६ च्या शेवटी चॅम्पियन. आणि गंमत म्हणजे टायसन सगळ्यात तरुण हेवीवेट चॅम्पियन झाला तो कुणाला हरवून? बर्बिकला. दुसरा बेल्ट कुणाकडून घेतला? बोनक्रशरकडून. तेव्हा मात्र ते दोघं तगडे प्रतिस्पर्धी, आणि होम्सने त्यांनाच आधी हरवलं तर ते ऐरेगैरे. कमाल आहे.

अर्नी शेव्हर्सचं तर नावच नाही त्या फॉरवर्डमध्ये. हेवीवेटमधला सगळ्यात जोरात मारणारा कोण असं जुन्या बॉक्सर्सना विचारलं की हे नाव येतंच येतं. सप्टेंबर १९७९ मध्ये सातव्या राउंडला शेव्हर्सचा एक राइट, उजव्या हाताचा ठोसा, होम्सला असा बसला की तो पाठीवर पडला, सपशेल. बघताना वाटतं संपलं. उठला, कसाबसा राउंड काढला आणि ११ व्या राउंडमध्ये शेव्हर्सलाच थांबवलं.

आता अली. २ ऑक्टोबर १९८०. हा मुद्दा सगळ्यांना भावतो कारण अली सगळ्यांना भावतो, आपल्याकडे तर विचारूच नका, त्याच वर्षाच्या सुरुवातीला तो भारतात येऊन गेला होता, तेव्हा तो रिटायर झालेला. मग परत आला, ३८ वर्षांचा, दोन वर्षं रिंगबाहेर, थायरॉइडच्या गोळ्यांनी वजन उतरवलेला, अंगात काही उरलं नव्हतं. नेवाडाच्या कमिशनने लायसन्स दिलं, प्रमोटरने फाइट विकली, लोकांनी तिकिटं घेतली. यातला होम्सचा गुन्हा कोणता? तो चॅम्पियन होता आणि चॅलेंजर समोर उभा केला गेला. लढला नसता तर 'अलीला घाबरला' म्हणाले असते हेच लोक.

आणि अली त्याला काय परका होता का? जॉर्जियात जन्मलेला, पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावात वाढलेला, १२ भावंडांतला, सातवीत शाळा सोडून गाड्या धुवायच्या कामाला लागलेला हा मुलगा, त्याला अलीने कॅम्पमध्ये स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या फाइटला, ठेवलं. तिथे अलीच्या पंचने डोळा काळा-निळा झाला तर म्हणे बर्फ लावू देईना, घरी जाऊन दाखवायचा होता, हा किस्सा त्याने स्वतःच कितीदा सांगितलाय. त्या माणसाला मारायचं होतं. फाइट बघितलीत तर दिसेल की होम्स पंच रोखतोय, रेफ्रीकडे बघतोय, थांबवा म्हणतोय. दहाव्या राउंडनंतर अलीचा ट्रेनर अँजेलो डंडीने त्याला स्टूलवरून उठू दिलं नाही. होम्स नंतर रडला. आनंदाने नाही.

बरं, चला, तुमचं मान्य करू, हा विजय धरायचाच नाही. अली ३८ चा होता, दोन वर्षं लढला नव्हता, काही अर्थ नाही त्या जिंकण्याला. ठरलं ना?

मग आता २२ जानेवारी १९८८, अटलांटिक सिटी, टायसन विरुद्ध होम्स. टायसन २१ चा. होम्स किती वर्षांचा? ३८. रिंगबाहेर किती दिवस? २१ महिने. म्हणजे जवळजवळ तोच हिशोब, तेच वय, तेवढाच गॅप, फक्त मार खाणारा वेगळा. अली म्हातारा होता म्हणून होम्सचं जिंकणं धरायचं नाही, आणि होम्स तेवढाच म्हातारा असूनही त्याचं हरणं मात्र धरायचं, वरून 'खरा बॉक्सर समोर आला तेव्हा' असं लिहायचं? एक काय ते ठरवा बॉस. करिअरच्या ७५ फाइट्समध्ये त्याला वेळेआधी थांबवणारा टायसन एकटाच, तेही चौथ्या राउंडमध्ये पडून उठून पडून उठून तिसऱ्यांदा पडल्यावर. उरलेले पाच पराभव सगळे पॉइंट्सवर.

आणि टायसननंतर तो घरी बसला असता तर एक वेळ समजलं असतं. १९९२ मध्ये ४२ व्या वर्षी त्याने रे मर्सरला हरवलं, मर्सर तेव्हा अपराजित होता आणि १९८८ चा ऑलिम्पिक गोल्डवाला. त्या फाइटमध्ये हा बाबा कोपऱ्यात पाठ टेकून मधेच टीव्हीच्या कॅमेऱ्याशी गप्पा मारतो, खरंच. त्याच वर्षी तेव्हाचा चॅम्पियन होलीफील्डसमोर १२ राउंड पूर्ण काढले. १९९५ मध्ये ४५ व्या वर्षी ऑलिव्हर मॅकॉलकडून थोडक्या पॉइंट्सनी हरला, ज्या मॅकॉलने आदल्याच वर्षी तेव्हाचा चॅम्पियन लेनॉक्स लुईसला दुसऱ्या राउंडमध्ये पाडलेलं.

मार्सियानोचं पटकन सांगतो. ४८-० वर असताना, २१ सप्टेंबर १९८५ ला, मायकेल स्पिंक्सकडून (लिऑनचा भाऊ) होम्स पॉइंट्सवर हरला. ३६ व्या वाढदिवसाला दीड महिना बाकी. मार्सियानोने बरोबर ३० वर्षांपूर्वी त्याच तारखेला शेवटची फाइट केली आणि ३२ व्या वर्षी रिटायर झाला, टायटल डिफेन्स सहा. ४९-० मोठंच आहे, पण वेळेवर थांबणं आणि कमी दर्जाचं असणं यात फरक आहे. स्पिंक्सबरोबरची १९८६ ची रीमॅच खरं तर होम्सने जिंकली होती असं म्हणणारे तर आजही भरपूर भेटतील, मी त्यातला एक.

'बोअर' म्हणणाऱ्यांना मात्र माझा जरा राग येतो. आमचे सर नवीन पोरांना बॅगवर आधी फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारायला लावतात, पोरं कंटाळतात, त्यांना बाजूने फिरवून हुक मारायचा असतो, व्हिडिओ काढायचा असतो. होम्सचा जॅब स्लो करून बघा. डावा हात खाली ठेवलेला, छातीच्याही खाली, समोरच्याला वाटतं गार्ड उघडा आहे, आणि तिथूनच तो वर येतो, डाव्या पायाच्या पावलासोबत, खांदा न हलवता, त्यामुळे निघताना दिसतच नाही, थेट नाकावर पोचल्यावर कळतं. एक मारून थांबत नाही, लगेच दुसरा, दुसऱ्याने डोळ्यासमोर हात आला की त्याच्या मागून राइट. १३ राउंड हे सोसून गेरी कूनीचं काय झालं ते बघा.

कूनीचं निघालंच आहे तर, लोकांना होम्स का आवडला नाही याचं उत्तर तिथेच आहे. जून १९८२, कूनी २५-०, नॉर्टनला ५४ सेकंदात पाडलेला, आणि गोरा. 'ग्रेट व्हाइट होप', म्हणजे काळ्या होम्सला हरवेल अशी गोऱ्यांची आशा, म्हणून विकला. चॅम्पियनचं नाव शेवटी पुकारायची पद्धत, त्या रात्री होम्सचं आधी पुकारलं. कूनीच्या ड्रेसिंग रूममध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा फोन यावा म्हणून खास लाइन टाकलेली, होम्सकडे नाही. जिंकला तरी कौतुक नाही, का, तर तो अली नाही. मुंबईत हे समजावून सांगायला नको, बेदींच्या जमान्यात जन्मले म्हणून ५८९ विकेट घेणारे पॅडी शिवलकर एकही टेस्ट खेळले नाहीत.

त्याच्यावर टीका करायचीच तर करण्यासारखं आहे, फॉरवर्डवाल्याला ते सापडलं नाही एवढंच. नॉर्टनला रीमॅच दिली नाही, विदरस्पूनलाही नाही, आणि त्याच्याविरुद्धची ती १९८३ ची स्प्लिट डिसिजन (दोन जज एकीकडे, एक दुसरीकडे) खरंच संशयास्पद होती. डब्ल्यूबीएच्या चॅम्पियनशी लढून बेल्ट एक केले नाहीत, त्या बेल्टवाल्या कोएत्झीबरोबरची फाइट ठरून फिसकटली. आणि स्पिंक्सकडून हरल्यावर मार्सियानोबद्दल जे अचकट-विचकट बोलला ते स्वतःच्या पायावर धोंडा मारणंच होतं, नंतर माफी मागितली तरी ते वाक्य चिकटलं ते चिकटलं.

यावर वाद घालायचा तर या, मी तयार आहे. विदरस्पूनची फाइट परत बघून माझं राउंडवार स्कोअरकार्ड ग्रुपवर टाकतो, तुम्ही पण तुमचं टाका, फक्त आवाज म्यूट करून बघा, कॉमेंट्री ऐकून मार्क देऊ नका.