जपानला निघालात? मग एक रात्र कोयासानला राहाच

गेल्या दोनेक महिन्यांत ओळखीतल्या चार घरांनी मला जपानचा प्लॅन पाठवला, 'बघ गं जरा, काही राहिलंय का' म्हणून, आणि चारही प्लॅन अगदी सारखे. टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका, जमलं तर नाराची हरणं, आठ दिवस नुसती पळापळ. कोयासान, म्हणजे ओसाकाहून जाता येणारं डोंगरातलं मंदिरांचं गाव, एकाच्याही प्लॅनमध्ये नाही. मी आईला घेऊन नोव्हेंबरात जाऊन आले, पुण्यात जपानीचा क्लास केल्यामुळे थोडंफार वाचता-बोलता येतं, म्हणून लोक विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहिते, लांब होईल, पण वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे तिथे तुमचं काही चुकलं तर कुणी सांगत नाही. आपल्याकडे देवळात चपला घालून शिरलात तर चार जण लगेच ओरडतात, तिथे लोक गप्प बसतात, आणि आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय. ओसाकाला पहिल्याच दिवशी एका छोट्या खाणावळीत आईने पाणी प्यायला हात मोकळा करायचा म्हणून दोन्ही चॉपस्टिक्स भाताच्या वाटीत उभ्या खोचल्या. दुकानातल्या आजी आल्या, एक शब्द न बोलता त्या काड्या काढून घेतल्या, नवी जोडी आणून आडवी ठेवली, थोडं वाकल्या आणि गेल्या. मी तेव्हा आईला सांगितलं की माणूस गेला की त्याच्या उशाशी भाताची वाटी ठेवतात आणि त्यात काड्या अशा उभ्या असतात, आणि दहनानंतर घरची माणसं अस्थी काड्यांनीच उचलून एकमेकांच्या काड्यांत देतात, म्हणून जेवताना काडीतून काडीत घास द्यायचा नाही. आई एकदम गप्प झाली, मग म्हणाली, "अगं म्हणजे पिंडाचंच झालं की हे! आधी सांगायचंस ना." पुढचे नऊ दिवस तिला एकदाही आठवण करावी लागली नाही. रात्री झोपताना तिने स्वतःहून विचारलं, इथेही उत्तरेला डोकं करत नाहीत का? नाही करत, प्रेताला तसं ठेवतात म्हणून. आपल्या घरात तीन पोळ्या वाढत नाहीत, तसंच हे. नियमाची नुसती लिस्ट पाठ केली तर दुसऱ्या दिवशी विसरते, त्यामागचं कारण कळलं की लक्षात राहतं.

दुसरा प्रसंग लिहिताना मला अजून वाईट वाटतं. ओसाकाहून निघालेल्या ट्रेनमध्ये आपल्याच लोकांचा एक ग्रुप होता, व्हिडिओ कॉल स्पीकरवर, खिडकीतला डोंगर घरी दाखवायचा म्हणून मोठमोठ्याने चाललेलं. समोरचे म्हातारे गृहस्थ उठले, पिशवी घेतली आणि पुढच्या डब्यात जाऊन बसले. त्या ग्रुपला कळलंसुद्धा नाही की ते आपल्यामुळे उठले. माणसं वाईट नव्हती हो, आईला त्यांनी लगेच जागा दिली, चिवडा दिला. पण फोन सायलेंटवर ठेवायचा आणि डब्यात कॉल घ्यायचा नाही एवढं त्यांना निघायच्या आधी कुणी सांगितलंच नव्हतं, आणि पैसे घेऊन टूर नेणाऱ्यांनी ते सांगायला नको का?

आता कोयासान. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनहून ट्रेनने गोकुराकुबाशीपर्यंत, तिथून केबल कार, मग बस. साधारण ८०० मीटर उंचीवरचं डोंगरातलं गाव, शंभरावर मंदिरं, त्यातल्या पन्नासेक मंदिरांत राहता येतं, त्याला शुकुबो म्हणतात. कूकाई नावाचे भिक्षू, लोक त्यांना कोबो दाइशी म्हणतात, त्यांना ८१६ साली ही जागा मिळाली आणि त्यांनी इथे शिंगोन या बौद्ध पंथाचा मठ उभारला. राहण्याचा खर्च हॉटेलपेक्षा जास्त पडतो, खरंय, पण दोन वेळचं जेवण त्यात येतं आणि शाकाहारी माणसाला जपानमध्ये इतकं निवांत जेवण बाहेर सहज मिळत नाही. शोजिन र्योरी म्हणतात त्याला, मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, चातुर्मासातल्यासारखं. तिळाचा तोफू, डोंगरातल्या भाज्या, लोणचं, भात, सगळं लहान लहान वाट्यांत. बाहेर मात्र नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, कारण मिसो सूपपासून नूडल्सपर्यंत बहुतेक सगळ्यात दाशी, म्हणजे चवीसाठीचं उकळून काढलेलं पाणी, असतं आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचं. 'निकु मो साकाना मो ताबेमासेन', म्हणजे मांसही खात नाही मासेही खात नाही, एवढं वाक्य पाठ करा आणि दाशीचं वेगळं विचारा.

आंघोळीचं आईला टेन्शन होतं. बायकांचं वेगळं न्हाणीघर असतं, पण कपडे सगळे काढूनच जायचं. लहान स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं, साबणाचा थेंबही राहता कामा नये, आणि मग त्या गरम पाण्याच्या मोठ्या टाकीत नुसतं बसायचं. लहान टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, केस वर बांधायचे. आईच्या हातावर तुळशीवृंदावनाचं जुनं गोंदण आहे, आणि टॅटू असलेल्यांना कित्येक ठिकाणी घेत नाहीत, म्हणून मी आधीच विचारलं होतं, त्या मंदिराने काही हरकत नाही असं कळवलं. रात्री कुणी नसताना ती गेली आणि अर्धा तास बाहेर आली नाही. तिचे गुडघे त्या रात्री दुखले नाहीत.

आणि ओकुनोइन, कोयासानची जुनी दफनभूमी. हे मला खास सांगायचंय. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना आभाळाला टेकलेले जपानी देवदार आणि दोन लाखांवर थडगी, शेवाळलेली. बऱ्याच थडग्यांवर पाच दगड एकावर एक, खाली चौकोनी, मग गोल, मग उतरत्या छपरासारखा, असे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यावर कोरलेली अक्षरं सिद्धम् लिपीतली, संस्कृत बीजाक्षरं! वाटेच्या शेवटी गोब्योबाशी नावाचा पूल आहे, त्याच्या पलीकडे फोटो नाही, खाणं-पिणं नाही, टोपी काढायची. कारण पलीकडे कोबो दाइशी आहेत. गेले नाहीत, ८३५ सालापासून ध्यानात बसलेत अशी श्रद्धा आहे, आणि आजही दिवसातून दोनदा भिक्षू त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. मी हे सांगत होते तर आई पुलाच्या अलीकडेच थांबली. म्हणाली, "म्हणजे संजीवन समाधी. आळंदी आहे ही." कानटोपी काढून पर्समध्ये ठेवली, हात जोडले आणि पुढे गेली. त्या थंडीत ती परत येईपर्यंत टोपी घाल असं मी तिला सांगू शकले नाही.

शिकोकू बेटावर याच दाइशींच्या ८८ मंदिरांची साधारण १२०० किलोमीटरची पायी यात्रा असते, पांढरे कपडे, हातात काठी, आणि ती काठी म्हणजे स्वतः दाइशी, 'दोग्यो निनिन', आपण दोघं मिळून चाललोय. वाटेतले लोक यात्रेकरूंना खायला देतात आणि ते नाकारायचं नसतं. यात्रा संपली की लोक कोयासानला दर्शनाला येतात. वारी माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. पहाटे मंदिरात गोमा नावाचा अग्नीचा विधी असतो, तो शब्द आपल्या 'होम'वरूनच गेलाय. आणि कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ साली आपल्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. तिथेही नक्की जा.

गणपतीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण 'जपानमधला गणपती' असे फॉरवर्ड फिरतात. टोकियोत असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन म्हणून मंदिर आहे, तिथे गणेशाचं कांगितेन हे रूप पुजतात आणि मुळे वाहतात. पण मूर्ती गुप्त ठेवलेली असते, दर्शनाला उघडत नाहीत. 'आम्ही भारतातून आलोय, आमचाच देव आहे' म्हणून तिथे हट्ट करू नका प्लीज. मुळा वाहा, नमस्कार करा. देव आपला असला तरी तिथली पूजा त्यांची आहे, शेकडो वर्षं त्यांनी ती सांभाळलीय.

क्योटोच्या गिओनमध्ये गेइशांच्या, म्हणजे पारंपरिक नृत्य-गाणं करणाऱ्या कलावंत बायकांच्या, मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांमुळे २०२४ पासून काही खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्यात, १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. त्याच वर्षी फुजीजवळच्या कावागुचिकोला एका दुकानामागून फुजी दिसतो म्हणून लोकांनी रस्त्यात इतका गोंधळ घातला की गावाने चक्क काळा पडदा लावला होता. आपल्या एका फोटोसाठी लोकांना दारासमोर पडदा लावायला लागावा हे मला फार लागलं.

बाकी पटापट. रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नसतात, पर्समध्ये एक कॅरीबॅग ठेवा आणि कचरा रूमवर आणा. तातामीवर (जमिनीवरच्या गवती चटयांवर) स्लीपर घालून जायचं नाही, टॉयलेटची स्लीपर टॉयलेटमध्येच सोडायची. तोरीतून (देवळापुढच्या कमानीतून) आत जाताना मधोमध चालू नका, ती वाट देवाची. जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा रेल्वे पास, ऑक्टोबर २०२३ पासून खूप महाग झालाय, सात दिवसांचा त्या वेळी ५०,००० येन झाला, तेव्हा सुटी तिकिटं लावून हिशोब करा. शुकुबोत संध्याकाळचं जेवण साडेपाच-सहालाच देतात, त्यामुळे ओसाकाहून दुपारी एकच्या आत निघा, कॅश जवळ ठेवा, आणि नोव्हेंबरात जाणार असाल तर थर्मल आणि जाड मोजे घ्या, कारण मंदिराच्या लाकडी पॅसेजमध्ये पहाटे पाय अक्षरशः गोठतात. आईसाठी मी दोन जोड नेले होते, दोन्ही एकावर एक घालून ती होमाला बसली होती.