मितोमाचं एवढं काय?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच संपली की आमच्या पेठेच्या कट्ट्यावर दुसरी सुरू होते. परवा पिंट्यानं विषय थेट जपानच्या खेळाडूंवर नेला: मधल्या फळीत बचाव सांभाळणारा एन्डो आणि कडेनं चढाई करणारा मितोमा.

"एन्डो जपानचा कप्तान. लिव्हरपूलकडून 2025 ला इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकलाय. तुमच्या मितोमाकडं काय आहे? छोटा क्लब ब्रायटन! तरी जो तो त्याचंच नाव घेतंय."

"शेवटची दहा मिनिटं आघाडी राखायला उतरणाऱ्या एन्डोवर कोण रील करणार, लेका?" संत्या.

"म्हणजे पब्लिकला कळत नाही!"

पब्लिकला चांगलं कळतं, असं माझं मत. जानेवारी 2023, इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा एफए कप, समोर लिव्हरपूल, नव्वद मिनिटं होऊन गेलेली. मितोमानं चेंडू ताब्यात घेतला, आता हाणतोय असं भासवलं, लिव्हरपूलचा बचावपटू गोमेझ आडवा आला, यानं त्याच पायानं चेंडू अलगद बाजूला काढला आणि मग घातला. गोमेझला कळायच्या आत लिव्हरपूल स्पर्धेबाहेर. असलं बघून शाहूवरची गॅलरी बसून राहील का?

मास्तरांनी वेगळाच मुद्दा काढला. "मितोमाला अठराव्या वर्षी जपानच्या कावासाकी फ्रंटाले क्लबानं बोलावलं, तर हा नको म्हणाला आणि त्सुकुबा विद्यापीठात गेला. प्रबंध कशावर, तर ड्रिब्लिंगवर, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून समोरच्याला चकवण्यावर. सोबत्यांच्या डोक्याला कॅमेरे बांधून, कोण कुठं बघतंय ते तपासलं." शिकलेला खेळाडू म्हटलं की मास्तर विरघळतात, ते सोडा.

"आणि 2022 च्या वर्ल्ड कपमधली स्पेनची मॅच?" संत्या उसळला. "कुबोला लहानपणापासून जपानी मेस्सी म्हणत होते. हाफटाइमला तोच बाहेर, दोआन आणि मितोमा आत. दोआननं बरोबरी केली. मग मितोमानं मैदानाबाहेर चाललेला चेंडू रेषेवरून ओढला, रेषेच्या आत दोन मिलिमीटरसुद्धा नव्हता, आणि जपान 2-1!"

पिंट्या याचीच वाट बघत होता. "गोल कुणी घातला?"

"...तनाकानं."

"तेच म्हणतोय मी! दोघं एकाच शाळेतले, एकाच सागिनुमा क्लबातले. गोल तनाकाचा, फोटो मितोमाच्या पायाचा!"

यावर संत्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं.

तेवढ्यात अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "पोरांनो, काझू मिउरा माहीत आहे का? पंधराव्या वर्षी एकटा ब्राझीलला गेला. जपानसाठी 55 गोल. 1998 ला जपान पहिल्यांदा वर्ल्ड कपला निघालं आणि याला ऐनवेळी संघातनं काढलं. वर्ल्ड कपची एक मॅच नाही नशिबात. जपानचाच नाकाता तीन वर्ल्ड कप खेळला, रोमाबरोबर इटलीची लीग जिंकला आणि एकोणतिसाव्या वर्षी बूट काढून मोकळा. काझूनं 2017 ला पन्नाशीत जपानच्या लीगमध्ये गोल घातला. आता सांगा, जपानमध्ये जीव कुणावर जास्त?"

"नाकातावर," पिंट्या म्हणाला.

"काझूवर," बाकी सगळे.

"मग एन्डोलाही पन्नाशीपर्यंत खेळू दे," पिंट्या म्हणाला, "तेव्हा बघू."