दुकानमालकाचं उत्तर: ते गप्पी आम्हीच दिले होते

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की तुमच्या मुलाच्या ॲक्सोलॉटलला (पाण्यातच राहणारा, शेपटीवाला उभयचर प्राणी), म्हणजे पेढ्याला, खाऊ म्हणून आमच्याकडून बारा गप्पी, म्हणजे छोटे शोभेचे मासे, नेले आणि सगळे एकदम टाकीत सोडले. चौथ्या दिवशी त्याच्या कल्ल्यांचे तुरे कुरतडलेले दिसले, वर कापसासारखी बुरशी, आणि त्याने खाणं सोडलं. शिवाय तुम्ही आधी ट्यूबिफेक्स, म्हणजे माशांना घालतात ते बारीक लाल किडे, मागितले होते, ते आमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाने दिले नाहीत, याचाही तुम्हाला राग आहे.

गप्पींची चूक आमची आहे. ते ज्या टाकीतून काढले, तिच्यात तीनच दिवसांपूर्वी नवीन माल आला होता. खाऊ म्हणून द्यायचा मासा निदान महिनाभर वेगळा ठेवून, निरोगी आहे हे बघूनच द्यायला हवा. नाहीतर त्याच्या अंगावरचे परजीवी आणि बुरशी थेट तुमच्या टाकीत येतात. दुसरं म्हणजे, हे मासे कशासाठी नेताय हे आमच्या मुलाने विचारायला हवं होतं. ते त्याला मीच शिकवलं नव्हतं, त्यामुळे दोष त्याचा नाही, माझा.

पण मासे अगदी निरोगी असते तरी बारा एकदम सोडल्यावर हेच झालं असतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ॲक्सोलॉटलचे कल्ले डोक्याबाहेर असतात. ते पाण्यात हलले की गप्पीला बारीक किडे वळवळल्यासारखे वाटतात आणि तो टोचे मारतो. पेढा दिवसा एका जागी पडून असतो, त्याची नजरही अधू, म्हणजे बाराजणांना मोकळं रान. मेक्सिकोत शोचिमिल्कोच्या कालव्यांत हे प्राणी लहान मासे खातात हे खरं आहे, पण तिथेच बाहेरून आणून सोडलेल्या कार्प आणि तिलापिया माशांनी त्यांची अंडी आणि पिल्लं फस्त केली. माणसाच्या हातून एवढं सोसलेला प्राणी आहे हा. निदान आपल्या घरात तरी त्याचं नीट व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

ट्यूबिफेक्स न दिल्याबद्दल मात्र मी आमच्या दुकानातल्या मुलाच्या बाजूने आहे. ते नाल्याच्या गाळात वाढतात. कितीही धुतले तरी पोटात काय घेऊन आलेत ते कळत नाही.

मग जिवंत खाऊ द्यायचा तरी काय? गांडूळ. आणि तेही बघून घ्यायचं. आपल्याकडे गांडूळखताच्या शेडमध्ये बहुतेक दोन जाती असतात. एक बारीक, लालसर, अंगावर पिवळट पट्टे असलेलं, आयसेनिया फेटिडा. ते चिमटीत धरलं की पिवळा, कडू रस सोडतं. आमच्या टाकीतल्या मादीसमोर एकदा मी तेच धरलं होतं. तिने खसकन आत ओढलं, दोनदा जबडा हलवला आणि बाहेर फेकलं. मग दोन दिवस चिमटा दिसला की मागे सरकायची. दुसरं जाड, जांभळट झाक असलेलं, युड्रिलस, ज्याला शेतकरी आफ्रिकन गांडूळ म्हणतात. ते ती आवडीने खाते. घरच्या कुंडीतलं गांडूळ नको. खत, औषध काय पडलंय सांगता येत नाही.

आणलेली गांडुळं दोन दिवस ओल्या कोकोपीटमध्ये ठेवा, म्हणजे पोटातलं शेण निघून जातं. मग क्लोरीन काढलेल्या पाण्यात धुवा. गांडूळ मोठं असेल तर कापा. कुठलाही तुकडा पेढ्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नको. बोथट प्लॅस्टिकच्या चिमट्याने तोंडासमोर हळू हलवा. पूर्ण वाढलेल्याला दोन-तीन दिवसांनी एकदा पुरतं. उरलेलं लगेच बाहेर काढा, कुजलं की अमोनिया वाढतो.

तुमच्या फोटोत तळाला रंगीत खडे दिसताहेत. ते आजच काढा, कृपा करून. हा प्राणी चावून खात नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. गप्पीच्या मागे झेपावताना एखादा खडा गेला तर आतड्यात अडकतो. तळ मोकळा ठेवलेला सगळ्यात बरा.

पुढेमागे मासा द्यायचाच असेल, तर एका वेळी एकच गप्पी द्या, तोही समोर बसून. स्वस्तातले गोल्डफिश नकोत, त्यांच्यातल्या एका घटकामुळे बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. काटेरी परांचे मासे तर अजिबात नकोत, घशात रुततात.

पाण्याचंही बघा. त्याला १६ ते १८ अंश लागतात, आणि एप्रिलमधल्या पुण्यात नुसत्या पंख्याने ते होत नाही. २४ च्या वर पाणी गेलं की त्याची भूक मरते आणि बुरशीला आयतं फावतं. चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार करणारं यंत्र, महाग आहे हे मला माहीत आहे, आणि पेढा विकत घेताना तुम्हाला ते कुणी सांगितलं नसेल तर त्याचं मला वाईट वाटतं.

आता उपचार. माशांसाठीची औषधं, विशेषतः तांबं असलेली, टाकीत घालू नका. त्याची कातडी सगळं शोषून घेते. तुम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलंत हे फार चांगलं केलंत, त्यांच्याच सांगण्याने चाला. पाणी गार आणि स्वच्छ राहिलं तर कल्ल्यांचे तुरे पुन्हा फुटतात, हे तुमच्या मुलाला नक्की सांगा.

आजपासून नवीन आलेला मासा आम्ही खाऊ म्हणून विकत नाही. गप्पींचे पैसे आणि डॉक्टरांची फी मी देईन, बिलं घेऊन या. दुकान सोमवार सोडून रोज उघडं असतं. येताना टाकीतलं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून आणा, अमोनिया आणि नायट्राइट लगेच तपासून देतो.