बसमधली केटी

आमच्या सीनियरचा 90 दिवसांचा नोटीस पिरियड कधी संपला कुणाला कळलंच नाही. केटीचं, म्हणजे जाणाऱ्याने आपलं काम दुसऱ्याला समजावून द्यायच्या नॉलेज ट्रान्सफरचं, इन्व्हाइट दर आठवड्याला यायचं, ऐनवेळी रिलीज आडवं यायचं. शेवटच्या संध्याकाळी तो म्हणाला, चल, बसमध्ये सांगतो. म्हणजे सात वर्षं एकट्याने सांभाळलेलं बिलिंग मॉड्यूल हिंजवडी ते मनपा या प्रवासात माझ्या डोक्यात ओतायचं.

शिवाजी चौकात बस थांबली ती थांबलीच. तो सांगतोय, मी मान हलवतोय. रात्री बॅच (आपोआप चालणारं एकगठ्ठा काम) अडकली की आधी फ्लॅग (चालू-बंद करायचं सेटिंग) बंद करायचा, मग सर्व्हिस रिस्टार्ट. हं. महिनाअखेरीला मात्र उलटं. हं. पुढच्या सीटवरचे एक काका, मांडीवर दोडक्यांची पिशवी, अख्खे मागे वळले.

"का?"

"काय का?"

"महिनाअखेरीला उलटं का?"

"तसंच आहे ते काका."

"तसंच कसं असेल? कुणीतरी ठरवलं असेल ना."

सीनियर जरा गडबडला. म्हणाला, ज्याने मला सांगितलं तो कॅनडाला गेला, त्यालाही बहुतेक माहीत नव्हतं.

"बरं, लिहून कुठं ठेवलंय?"

"कॉन्फ्लुएन्सवर पेज आहे ना."

(कॉन्फ्लुएन्स म्हणजे टीमच्या नोंदी ठेवायची वेबसाइट. पेज आहे. त्यावर 'लवकरच अपडेट करतो' एवढंच आहे.)

काका पिंपरीतल्या कारखान्यातून रिटायर झालेले. मग काय, सुरूच झाले. आमच्याकडं शिफ्ट बदलताना लॉगबुक असायचं, मशीनचा आवाज बदलला तरी नोंद, जाणाऱ्याची सही, येणाऱ्याची सही, त्याशिवाय कुणी गेटकडं वळायचं नाही. इथवर ठीक होतं. पण मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ह्यांना काही कळलेलं नाहीये हो, नुसती मान हलवतायत." उभी असलेली दोन पोरं फिस्सकन हसली. हसा लेको, गळ्यात तुमच्याही आयडी कार्डच आहे.

कुणी म्हणेल अजाइलमध्ये, म्हणजे थोडं थोडं करत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीत, असंच असतं. नसतं. 2001 साली अमेरिकेत यूटामधल्या एका स्की रिसॉर्टवर 17 जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यात ढीगभर डॉक्युमेंटेशनपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं म्हटलंय हे खरं, पण त्याच्याच खाली डॉक्युमेंटेशनलाही किंमत आहे असंही स्वच्छ लिहिलंय, ती ओळ आमच्याकडे कुणी वाचलेलीच नाही. केटीची स्टोरी (कामाची नोंद) स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या कामात, घ्या म्हटलं तर तिला मेहनतीचे पॉइंट किती द्यायचे? शून्य. पेअर प्रोग्रॅमिंग करू, दोघं मिळून एकच कोड लिहू म्हटलं तर मॅनेजर म्हणतो एका स्टोरीला दोन माणसं क्लायंटला कशी दाखवू. स्टँडअप (रोजची छोटी मीटिंग) पंधरा मिनिटांचा, त्यात काही विचारलं की "ऑफलाइन घेऊ". ते ऑफलाइन म्हणजे ही बस.

औंधला सीनियर उतरला. जाताना म्हणाला, काही अडलं तर टीम्सवर पिंग कर. लॅपटॉप दुपारीच जमा केला होता त्याने.

तिकडे केटीचं तिकीट मॅनेजरने 'डन'मध्ये सरकवलंय. आता उलटं म्हणजे आधी रिस्टार्ट मग फ्लॅग बंद, का फ्लॅग चालूच करायचा, हे ना पेजवर आहे ना कुणाच्या डोक्यात, आणि उद्या एकतीस तारीख.