डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर येणारी जाग

दर सत्राला तेच! शेवटच्या आठवड्यात कॉलेजात डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे ७५ टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेल्यांची यादी, लागते आणि पोरं आई-बाबांना घेऊन केबिनबाहेर उभी. अहो, हिशेब सोपा आहे. विषयाचे ६० तास असतील तर ७५ टक्के म्हणजे ४५. ३० तास झाले आणि हजेरी १४, तर पुढचा एकही तास बुडवला नाही तरी बेरीज ४४च. मग मागच्या तारखेचं तापाचं सर्टिफिकेट आणून काय उपयोग? हीच लिस्ट पाचव्या आठवड्यात लावा ना, तेव्हा सावरायला वेळ असतो!

आणि हजेरी घेतात ती तरी कशी? १२० रोल नंबर पुकारण्यात ५० मिनिटांतली दहा जातात. मागच्या बाकावरून ३७ लाही ‘येस सर’, ५२ लाही ‘येस सर’, आवाज एकच. तोंडी परीक्षेत त्याच मुलाला त्याच्याच जर्नलमधला आलेख दाखवून विचारा, ‘हा उतार काय सांगतो?’ शब्द फुटत नाही, कारण आलेख आदल्या रात्री उतरवलेला.

सहभागाचे पाच गुण असतात, त्यात सरसकट सगळ्यांना चार. जी मुलगी दर तासाला शंका विचारते तिलाही चारच. हे सगळ्यात जास्त सलतं.