घड्याळावरचा पहिला चरा आणि टूथपेस्टवाला मेसेज

'महागड्या घड्याळाला पहिला स्क्रॅच? शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत' असा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. काल तो भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, 'मामा, जेलवाली चालेल की पांढरीच पेस्ट हवी?' घड्याळ लग्नातलं, स्विस, स्टीलचं. त्याला वेळेवर थांबवलं. तोच मेसेज आणखी किती जणांनी खरा मानला असेल कोण जाणे, म्हणून हे सविस्तर.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पांढरी टूथपेस्ट आणि चिमूटभर खाण्याचा सोडा कापडावर घेऊन पाच मिनिटं चोळा. काच, केस (म्हणजे घड्याळाची धातूची बॉडी), पट्टा, कुठलाही चरा जातो. खरी सफायर काच कधीच ओरखडत नाही. शंका असेल तर बारीक पॉलिश पेपर घासून बघा, रेघ उमटली तर घड्याळ नकली. पहिला चरा पडला की किंमत निम्मी होते, म्हणून ताबडतोब बफिंग करा, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून चमकवून घ्या, आणि दरवर्षी करत राहा. नव्या घड्याळावरचं पारदर्शक प्लास्टिक काढूच नका. आणि वॉरंटीत कंपनी केस फुकट बदलून देते.

आधी पॉलिश पेपरचं बघू, कारण त्यात नुकसान हमखास आहे. घड्याळाची सफायर काच म्हणजे कारखान्यात वाढवलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, म्हणजेच कुरुंद. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली कठीणपणाची जी पट्टी मांडली, तीत शंखजिरे १ वर, गारगोटी ७ वर, कुरुंद ९ वर आणि हिरा १० वर आहे. नियम एवढाच, की वरच्या क्रमांकाचा पदार्थ खालच्यावर रेघ ओढतो आणि बरोबरीचे दोघे एकमेकांना ओरखडू शकतात. आता पॉलिश पेपरवर कण कसले असतात? तपकिरी पेपरवर बहुतेकदा ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे तीच सफायर. काळ्या वॉटर पेपरवर सिलिकॉन कार्बाइड, ते सफायरपेक्षाही किंचित कठीण. म्हणजे अस्सल काचेवर रेघ उमटणारच, साध्या मिनरल काचेवरही उमटणार. या 'चाचणी'तून खरं-खोटं काहीच ठरत नाही. चांगली काच मात्र बाद होते, आणि वर माणूस दुकानदाराशी भांडायला जातो की मला नकली माल दिला. काच सफायरची आहे का हे बघायचंच असेल, तर हिरे तपासायचा थर्मल टेस्टर असलेल्या घड्याळजीकडे जा. त्याचं टोक काचेला टेकवलं की सफायरवर काटा थोडा हलतो, साध्या काचेवर हलत नाही. काचेला धक्काही लागत नाही.

या दाव्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य. किल्ल्या, नाणी, स्टीलचं कडं, वाळू यांनी सफायरला काही होत नाही; वाळूतली गारगोटी ७ वरच अडकते. पण त्याच हातात हिऱ्याची अंगठी असेल तर काचेवर खरीखुरी रेघ पडू शकते. शिवाय सफायर कठीण असली तरी ठिसूळ आहे, दाराच्या कडेवर आपटली तर काठाचा टवका उडतो. ब्राइटलिंगसारख्या काही कंपन्या काचेच्या बाहेरच्या बाजूलाही एआर कोटिंग, म्हणजे प्रतिबिंब कमी करणारा थर, देतात. तो थर अतिशय पातळ आणि सफायरच्या मानाने मऊ असतो. त्याच्यावर उठलेल्या रेघा बघून लोक 'काच ओरखडली' म्हणतात; प्रत्यक्षात काच शाबूत असते, थर खरवडलेला असतो. आणि कितीतरी वेळा तर तो चरा नसतोच. दुसरा मऊ धातू काचेला किंवा सिरॅमिक बेझलला (काचेभोवतीच्या कड्याला) घासला की त्याचा करडा माग तिथे राहतो. शाळेतलं पांढरं खोडरबर घेऊन दहा-पंधरा वेळा हलकेच घासा, माग निघून जातो.

आता टूथपेस्ट. हा उपाय कुठून आला हे सांगता येतं. जुन्या घड्याळांची काच ॲक्रिलिकची असायची, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. घराघरांत गेलेल्या एचएमटीच्या जनता, पायलट या चावीच्या घड्याळांना हीच काच होती. ॲक्रिलिक इतकं मऊ, की पेस्टमधली बारीक पूडसुद्धा त्याला घासून सपाट करते. तिथे पेस्ट थोडंफार काम करते, हे नाकारत नाही. तरीही त्यासाठी पॉलीवॉच नावाची वेगळी पेस्ट मिळते, ती वापरावी. केसला कडेने मास्किंग टेप लावा, मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट घ्या, कापसाने दोन-तीन मिनिटं गोल फिरवा, पुसा, पुन्हा करा. नखाला लागणारा खोल चरा मात्र त्याने जात नाही. आधी २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून फिरवावा लागतो, मग पॉलीवॉच. ओमेगाचं स्पीडमास्टर प्रोफेशनल आजही ॲक्रिलिक काचेत मिळतं, त्यालाही हेच लागू.

स्टीलवर आणि सफायरवर मात्र हा उपाय लावणं चूकच. पेस्टमधला खडू मोसच्या पट्टीवर ३ वर, सोडा अडीचच्या आसपास, स्टील त्यांच्याहून कठीण, सफायर तर ९ वर. या पुडीने चरा भरत नाही की निघतही नाही. सिलिका असलेली पेस्ट आरशासारख्या पॉलिशवर चोळली तर त्यावर धुरकट बारीक रेघांचं जाळं तयार होतं, आणि ब्रश फिनिश (एकाच दिशेच्या बारीक रेघांचं मंद फिनिश) असेल तिथे मधेच एक चकचकीत डाग पडतो. खरा त्रास पुढे होतो. पेस्ट पट्ट्याच्या कड्यांच्या सांध्यांत, बेझलखालच्या फटीत, स्क्रू असलेल्या चावीच्या (काटे फिरवायच्या बाजूच्या बटणाच्या) आट्यांत जाऊन वाळते. घाम लागला की ती पुन्हा ओली होते आणि हात हलेल तशी पिना घासत राहते. पट्टा ढिला पडून लोंबायला लागण्यामागे पिना आणि भोकांमधली अशी पूड हेच मोठं कारण असतं. पीव्हीडी, डीएलसी असा रंगीत किंवा काळा पातळ थर किंवा सोन्याचं पाणी दिलेल्या घड्याळावर तर हे अजिबात करू नका. तो थर जेमतेम काही मायक्रॉनचा. एकदा खालचा धातू दिसला की घरी त्यावर काहीच इलाज नाही.

सगळ्यात घातक दावा बफिंगचा. तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून जास्त घातक. चरा म्हणजे धातूत पडलेली खाच. तिथला थोडा धातू गेला, थोडा दोन्ही काठांवर उचलला गेला. भिंगातून तिरप्या उजेडात बघितलं तर ते काठ स्पष्ट दिसतात. बफ करून खाच भरत नाही. खाचेच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग खाली आणतात, तेव्हा ती दिसेनाशी होते. चरा ०.१ मिलिमीटर खोल असेल तर त्या पूर्ण बाजूवरून ०.१ मिलिमीटर धातू जातो. असं पाच वर्षं दरवर्षी केलं तर अर्धा मिलिमीटर. पट्टा जिथे अडकतो त्या लग्जच्या कडेला जो तिरका पॉलिश केलेला काप असतो, तो बऱ्याच घड्याळांत जेमतेम मिलिमीटरभर रुंद असतो. आधी तो काप नाहीसा होतो, मग लग्ज बारीक होतात, मग पिनांची भोकं काठाच्या जवळ यायला लागतात. कापडाचं चाक मऊ असल्यामुळे ते कडेवर वळतं आणि कड गोल करून टाकतं. कड उरली आहे का हे बघायचं असेल तर रेघी वहीचं पान पॉलिश केलेल्या बाजूसमोर धरा. प्रतिबिंबातल्या रेघा काठापर्यंत सरळ गेल्या तर बाजू सपाट आहे. काठाशी वाकल्या तर तिथे चाक फिरलेलं आहे. ग्रँड सेइको या जपानी कंपनीच्या झारात्सु नावाच्या आरशासारख्या पॉलिशची सगळी किंमत याच सपाटपणात आहे, आणि चौकातल्या दुकानात पाच मिनिटं चाक फिरवलं की तो गेला.

दुकानात बहुतेकदा घड्याळ न उघडता, आहे तसंच चाकाला धरतात. बफचं मेण फटींत जातं, केस तापते, पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी गॅस्केटला ती उष्णता सोसत नाही. नीट पद्धत वेगळी आहे. मशीन बाहेर काढायचं, बेझल, काच, चावी, गॅस्केट सगळं सुटं करायचं, केस धुवायची, सपाट बाजू सपाट चाकावर लॅप करायच्या, म्हणजे सपाटच घासायच्या, ब्रश फिनिश पुन्हा मूळ दिशेने द्यायचं, नव्या गॅस्केट घालून बंद करायचं आणि शेवटी पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायची. ही चाचणी झाली नसेल तर पाठीवर १०० मीटर लिहिलंय म्हणून पोहायला जाऊ नका. खोल खड्डा असेल तर चांगल्या कार्यशाळेत लेझर वेल्डिंगने त्यात त्याच जातीचा धातू भरतात आणि मगच घासतात, म्हणजे आजूबाजूचा धातू वाचतो. हे महाग आहे आणि एका चऱ्यासाठी कुणी करू नये.

किंमत निम्मी होण्याची गोष्ट तर साफ खोटी. वापरलेल्या घड्याळावर बारीक रेघा असणार हे घेणाऱ्याला ठाऊक असतं. तो बघतो लग्जची जाडी, कडा, बॉक्स आणि कागद, सर्व्हिसची नोंद. लिलावाच्या वर्णनात 'पॉलिश न केलेलं' हे कौतुकाने लिहितात. म्हणजे मेसेज जे करून किंमत वाचवायला सांगतो, त्यानेच ती घसरते.

मग पहिला चरा दिसला की करायचं काय? चावी घट्ट बंद आहे ना बघा. घड्याळ वॉटर रेझिस्टंट असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून लहान मुलांच्या मऊ ब्रशने धुवा, मायक्रोफायबरने पुसा. चामड्याचा पट्टा आधी काढा, जुन्या घड्याळाला पाणी लावू नका. मग नख आडवं फिरवा. नख अडत नसेल तर तो हेअरलाइन, म्हणजे केसाएवढा बारीक चरा आहे, सोडून द्या. अडत असेल तरीही सोडून द्या. पुढच्या सर्व्हिसच्या वेळी विचार करता येतो.

घरी हात लावण्याजोगी एकच जागा, ती म्हणजे पट्ट्याचं ब्रश फिनिश असलेलं क्लास्प (पट्टा बंद करायची कडी). तेच टेबलावर सतत घासतं, आणि ग्रॅनाइटचा ओटा असेल तर लवकर चरे पडतात, कारण ग्रॅनाइटमध्ये गारगोटी असते. कडाप्पा त्या मानाने मऊ. करड्या रंगाचा स्कॉच-ब्राइट पॅड घ्या. स्वयंपाकघरातला हिरवा घेऊ नका, त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे भरड कण असतात आणि खोल, वेड्यावाकड्या रेघा पडतात. पॉलिश केलेल्या भागावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. क्लास्प लाकडाच्या ठोकळ्यावर सपाट ठेवा. पॅड मूळ रेघांच्या दिशेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ न्या, उचला, पुन्हा पहिल्या टोकाला आणा. मागे-पुढे घासायचं नाही, मनगट वळवायचं नाही, नाहीतर रेघा कमानीसारख्या येतात. तीन-चार हात मारून थांबा आणि उजेडात बघा. लग्जवर किंवा केसच्या बाजूंवर हे करू नका. पॉलिश केलेल्या भागासाठी केप कॉडचं कापड मिळतं, ते हेअरलाइन मंद करतं. शेजारच्या ब्रश फिनिशला मात्र ते लागता कामा नये.

प्लास्टिकचा सल्ला नीट ऐका. फिल्म क्लास्पला हेअरलाइनपासून वाचवते, हे खरं. पण स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरामुळे, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. फिल्मखाली घामाचं मीठ अडकून राहिलं, हवा पोचली नाही, की तिथे बारीक खड्डे पडू शकतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर फिल्म लावून वर्ष काढणं ही चूकच. रोलेक्स जे ९०४एल स्टील वापरते तेही गंजाला जास्त दाद देत नाही म्हणून. ते चऱ्यांपासून वाचवतं असं समजू नका.

वॉरंटीबद्दल दोनच वाक्यं. रोलेक्स आणि ओमेगा ५ वर्षांची देतात, पण ती बनावटीतल्या दोषांसाठी. वापराने पडलेले चरे तिच्यात बसत नाहीत, आणि टूथपेस्टने किंवा चाकाने केलेलं नुकसान तर नाहीच.

एक महत्त्वाचं. अनेक ठिकाणी पूर्ण सर्व्हिसमध्ये पॉलिश आपोआप धरलेलं असतं. घड्याळ देताना 'केस आणि पट्टा पॉलिश करू नये' हे जॉब कार्डवर लिहून घ्या, काउंटरवरच्या माणसाला नुसतं तोंडी सांगू नका, आणि देण्याआधी चारही लग्जचे जवळून फोटो काढून ठेवा.