केवायसीचा वसा
केवायसीची, म्हणजे बँकेने ग्राहकाची ओळख आणि पत्ता ठरावीक काळाने पुन्हा तपासायची, मुदत उलटली म्हणून खातं गोठलं? अभिनंदन! परवा ज्यांना हा मान मिळाला त्यांत अस्मादिकही आहेत, तेव्हा नवख्यांसाठी विधी लिहून ठेवतो. उतू नका, मातू नका, घेतला वसा टाकू नका.

आधी खातं गोठतं म्हणजे काय होतं ते समजून घ्या, बँकेबद्दलचा आदर वाढेल. पगार जमा होतो, एफडीचं व्याज जमा होतं. बाहेर मात्र दमडी जात नाही. आत येणाऱ्या पैशाला केवायसी लागत नाही, हे लक्षात आलं असेलच. घरकर्जाचा हप्ता परत जातो. त्याचा दंड तुमची बँक लावते, उशिराचा दंड कर्ज देणारी संस्था लावते आणि सिबिलवरचा डाग फुकट मिळतो. खात्यात रक्कम मुबलक असताना.

शाखेत सोमवारी जाऊ नका, गर्दी असते. दुसऱ्या शनिवारी जा, अजिबात नसते.

आधार, पॅन, दोन फोटो, सगळ्याच्या झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर सही. सही खातं उघडताना केली होती तश्शीच हवी. तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात, ही तुमची अडचण.

बँक आपल्याला कमी जोखमीचे ग्राहक धरते की जास्त, हे विचारू नका. ते ग्राहकाला सांगायचं नाही, असा नियमच आहे. (हा एक नियम मात्र सगळ्या शाखांना तोंडपाठ.)

आता मुख्य विधी. होम ब्रँचलाच जायचं. खातं नागपूरला आणि तुम्ही पुण्यात असाल तर रजा टाका. कुणी खवचट म्हणेल, केवायसी त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत करता येतं. दुर्लक्ष करा. तोच पुढे सांगेल की जास्त जोखमीच्या ग्राहकाचं केवायसी २ वर्षांनी, मध्यमचं ८ आणि कमी जोखमीच्याचं १० वर्षांनी करायचं असतं. काही बदललं नसेल तर ‘माहितीत बदल नाही’ एवढं स्वयंघोषणापत्र पुरतं. ते नोंदवलेल्या ईमेलवरून, मोबाइलवरून, एटीएमवर, नेटबँकिंगमधून किंवा साध्या पत्राने देता येतं. शाखेत यायची गरज नाही, हे रिझर्व्ह बँकेने ५ जानेवारी २०२३ ला पुन्हा स्पष्ट केलं. नुसता पत्ता बदलला तरी असाच कळवायचा. तो २ महिन्यांत पडताळणं बँकेचं काम. काउंटरवर हे बोलून पाहा. उत्तर येईल, “आमच्या सिस्टीमला तसा ऑप्शन नाही.” नियम मुंबईला फोर्टात रिझर्व्ह बँकेत बनतात, सिस्टीम त्यांच्याही वरची! विमा गळ्यात मारायला ऑप्शन आहे. प्री-अप्रूव्ह्ड लोनचे मेसेज रोज पाठवायला ऑप्शन आहे. ‘बदल नाही’ हे दोन शब्द घ्यायला तेवढा नाही? आणि सूचना? रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांतल्या जून २०२५ च्या दुरुस्तीप्रमाणे मुदतीआधी निदान तीन सूचना, त्यांतली एक पत्राने. मुदत उलटल्यावर पुन्हा तीन, त्यातही एक पत्राने. क्रेडिट कार्डाची जाहिरात घरपोच येते, हे पत्र कुणाच्या घरी आलंय? त्याच दुरुस्तीत म्हटलंय की कमी जोखमीच्या ग्राहकाची मुदत उलटली तरी वर्षभर सगळे व्यवहार चालू ठेवा. आणि इकडे पेन्शनरांची खाती गोठवताय?

पासबुक भरून घ्यायचं राहिलंच. मशीन बारकोड वाचत नाही आणि नवा स्टिकर लावणारे साहेब रजेवर आहेत.

काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका, तिच्या एकटीवर तीन खिडक्यांचं काम आहे. दोष आहे मुख्य कार्यालयात बसून माणूस न बघता खाती गोठवणाऱ्यांचा. लोकांचे पैसे सांभाळायला दिलेत तुम्हाला, अडवून ठेवायला नाही. स्वतःच्या पैशासाठी सत्तरीतल्या माणसाला जिने चढायला लावता, लाज कशी वाटत नाही?

आणि ग्राहकहो, तुम्हीही तोंडी वाद घालून घरी येता, मग बँकेचं काय बिघडणार? लेखी द्या. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्या. तक्रार फेटाळली, उत्तर पटलं नाही किंवा ३० दिवसांत आलंच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी लागत नाही, वकील लागत नाही. पोच मागितल्यावर “साहेब जेवायला गेलेत” म्हणाले, तर तिथेच उभ्याउभ्या तोच मजकूर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. त्यावर तारीख आपोआप पडते.